आधी कोळसा बाहेर, मग औषध आत

पेट-पूजा

पाच दिवस न चुकता औषध टाकलं, तरी मासा गेला? औषधवाल्याला शिव्या देण्याआधी फिल्टरचं झाकण उघडून बघा. चोर घरातच सापडेल!

‘आपल्यावर येणारं संकट होतं, माशानं अंगावर घेतलं.’

फिश टँकमधला मासा मेला, की घरातलं कोणी ना कोणी हे वाक्य म्हणतंच. फेंगशुईची लाट आली तेव्हापासून तर जरा जास्तच. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा असा हिशेब करून टँक हॉलमध्ये बसवायचा, आणि काळा मासा उलटा तरंगताना दिसला की सुस्कारा सोडायचा… बरं झालं, टळलं! दुसऱ्या दिवशी नवा काळा मासा. विषय संपला.

या श्रद्धेशी भांडायचा आपला विचार नाही, मंडळी. पण मासा आजारी होता, तुम्ही त्याला वेळेवर औषध दिलं आणि तरी तो गेला, अशा बऱ्याच केसेसमध्ये ‘अंगावर घेणारा’ कोणीतरी खरंच असतो. फिल्टरच्या डब्यात, जाळीच्या छोट्या पिशवीत तो निवांत बसलेला असतो. काळा, दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन. आणि त्यानं अंगावर घेतलेलं असतं ते तुम्ही टाकलेलं औषध!

नियम एका ओळीचा आहे. टँकमध्ये औषध टाकायचं असेल, तर आधी कार्बन बाहेर काढायचा. पण हा नियम बाटलीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत असतो, नाहीतर नसतोच. दुकानदार घाईत असतो, आपण त्याहून घाईत. म्हणून आज जरा निवांत समजून घेऊ.

हिंगण्याला कोळसा नवा नाही

हिंगणा एमआयडीसीत काम करणाऱ्यांना ही काळी भानगड वेगळी समजावून सांगायला नको. बऱ्याच कारखान्यांच्या मागच्या बाजूला, ईटीपीच्या शेडमध्ये, दोन उभ्या टाक्या शेजारी शेजारी दिसतात. एकीत वाळू, दुसरीत ॲक्टिव्हेटेड कार्बन. ऑपरेटरच्या भाषेत पीएसएफ आणि एसीएफ. वाळू गाळ अडवते. वाळूतून निसटणारा रंग, वास आणि विरघळलेली सेंद्रिय रसायनं कार्बन धरून ठेवतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनमध्येही तोच भाऊ बसलाय. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तो आधीच काढून घेतो, नाहीतर आतलं महागडं मेंब्रेन खराब होतं. पाणी स्वच्छ करायच्या शास्त्राचं तर नागपूर माहेरघरच आहे. आपली नीरी १९५८ पासून हेच काम करतेय.

कार्बन हे काम करतो कसा? नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळसा ८००-९०० अंशांच्या आसपास वाफेत तापवला, की त्याच्या आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं तयार होतात. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून अंथरला, तर तो साधारण १००० चौरस मीटर भरतो. म्हणजे १० हजार चौरस फुटांहून जास्त. वानाडोंगरी-डिगडोहला फ्लॅट शोधणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं, तर हजार स्क्वेअर फुटांचे दहा टू बीएचके, एका ग्रॅममध्ये! पाण्यातले रेणू या छिद्रांत शिरतात आणि भिंतींना चिकटून बसतात. शाळेत याला ‘अधिशोषण’ म्हणायचे. तेव्हा नुसतं पाठ केलं होतं, आता कामाला आलं.

ही करामत जुनी आहे. पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ या औषधनिर्मात्या-रसायनशास्त्रज्ञाला १७८५ साली दिसलं, की कोळसा टाकला की तपकिरी झालेलं द्रावण स्वच्छ होतं. मग युरोपातल्या साखर कारखान्यांनी रस पांढरा करायला कोळसा वापरला, आणि पहिल्या महायुद्धात तो गॅस मास्कमध्ये गेला. काम तेच… नको असलेलं धरून ठेवणं. आता गंमत अशी, की नको असलेलं काय आणि हवं असलेलं काय, हे कोळशाला कळत नाही.

निळी बाटली, हिरवी बाटली

ॲक्वेरियमच्या दुकानात औषधांचं शेल्फ बघा. ड्रॉपर लावलेल्या छोट्या बाटल्या, निळी, हिरवी, पिवळी. बुरशी आणि अंड्यांसाठी निळी, पांढऱ्या ठिपक्यांसाठी हिरवी, जखमेसाठी पिवळी, असा साधारण हिशेब. निळी म्हणजे मिथिलीन ब्लू, हिरवी बहुतेक वेळा मॅलेकाइट ग्रीन, पिवळी ॲक्रिफ्लेविन.

या तिन्हींत समान काय? तिन्ही मुळात रंग आहेत! मिथिलीन ब्लू १८७६ साली जर्मनीत हाइनरिख कारो यांनी बीएएसएफ कंपनीसाठी बनवला, तो कापड रंगवायला. पुढे १८९१ साली पॉल एर्लिख आणि पॉल गुटमन यांनी तो मलेरियाच्या पेशंटवर वापरून पाहिला आणि रंगाचं औषध झालं. मॅलेकाइट ग्रीननं रेशीम आणि चामडं रंगायचं. आणि मघाशी आपण काय म्हटलं? कारखान्याच्या पाण्यातला रंग काढायला एसीएफ. म्हणजे ज्या कामासाठी कार्बनला पगार मिळतो, नेमकं तेच काम आपण त्याच्या तोंडासमोर ठेवतो. तो ते इमानेइतबारे करणारच ना!

यापुढची गोष्ट ऐकाल तर हसाल. कार्बन चांगला की वाईट, हे लॅबमध्ये ठरवायच्या चाचण्यांपैकी एक चाचणी अशी आहे, की ठरावीक वजनाच्या कार्बननं किती मिथिलीन ब्लू गिळला ते मोजायचं. जितका जास्त निळा रंग खाल्ला तितका माल भारी. म्हणजे माशाला देतो तेच औषध, कार्बनची परीक्षा घ्यायला!

आता हिशेब मांडू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली, की उरतं साधारण ५० लिटर. लिटरमागे २ मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू धरला तर एका डोसमध्ये झाले १०० मिलिग्रॅम. चांगला ताजा कार्बन एका ग्रॅममध्ये शंभर-दोनशे मिलिग्रॅम रंग धरू शकतो. म्हणजे कागदावर तुमचा अख्खा डोस अर्धा-एक ग्रॅम कार्बनची न्याहारी! पिशवीत तर त्याच्या कितीतरी पट कार्बन असतो. दाणे मोठे असतात, पाणी त्यांच्यातून हळू फिरतं, कार्बन जुना असतो, म्हणून प्रत्यक्षात हे इतक्या झटपट होत नाही. पण रात्री औषध टाकून झोपलात आणि सकाळी ड्यूटीवर निघताना पाणी पुन्हा पांढरंशुभ्र दिसलं, तर ‘वा, औषध लागू पडलं’ असं समजू नका. औषध लागलं, पण पिशवीला.

ठिपका सुटेपर्यंत औषध टिकलं पाहिजे

‘थोडं कार्बननं खाल्लं तर खाल्लं, बाकीचं माशाला मिळालं की,’ असं कोणी म्हणेल. सगळी गोम इथेच आहे. उदाहरण घेऊ सगळ्यांच्या ओळखीच्या आजाराचं, पांढऱ्या ठिपक्यांचं. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं तो व्हाइट स्पॉट, हौशी लोकांच्या भाषेत ‘इक’.

हा एकपेशीय परजीवी तीन अवस्थांत जगतो. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या कातडीखाली दडून खातपीत असतो, तिथे औषध पोचत नाही. दुसऱ्या अवस्थेत पोट भरलं की तो मासा सोडतो, तळाच्या वाळूत जाऊन कवच करतो आणि आत फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात. तिथेही औषधाचा इलाज चालत नाही. तिसऱ्या अवस्थेत ही पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधत पोहत सुटतात, आणि फक्त याच वेळी औषध त्यांना गाठू शकतं. कोमट पाण्यात हे चक्र आठवडाभरात पुरं होतं, थंड पाण्यात जास्त दिवस लागतात. आणि सगळे ठिपके एकाच मुहूर्तावर सुटत नाहीत. आज दहा, उद्या वीस.

म्हणून पाण्यात औषध रोज, चोवीस तास, पुरेशा ताकदीचं राहायला हवं. रात्री टाकलं आणि सकाळपर्यंत कार्बननं संपवलं, तर दुपारी सुटलेल्या पिल्लांना रान मोकळं. अंगावरचे ठिपके गळतात, आपण खूश होतो, आणि चार दिवसांनी दुप्पट ठिपके हजर. माशाचे कल्ले एकदा या किड्यांनी भरले की त्याला श्वास घेता येत नाही. मरतो तो असा.

नागपूरकरांनी तर जास्त सावध राहायला हवं, कारण आपली हवा टोकाची. उन्हाळ्यात ४५ अंश पार, आणि थंडीत? डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर गेला होता, आठवतं ना! बाहेरच्या अशा चढउतारात हीटर नसलेल्या छोट्या टँकचं तापमान दिवसा एक आणि रात्री एक होतं. त्या धक्क्यानं माशाची ताकद कमी होते आणि ठिपके संधी साधतात. त्यामुळे ऐन थंडीत हीटर आणि साधा थर्मामीटर ही चैन समजू नका.

डबल डोसचा सापळा

फरक दिसत नाही म्हटल्यावर आपण काय करतो? डोस डबल! पुन्हा फरक नाही, अजून डबल. इकडे कार्बनची छिद्रं हळूहळू भरत आलेली असतात. एक दिवस ती भरतात, आणि त्या दिवशी टाकलेला तिप्पट-चौपट डोस पूर्णच्या पूर्ण पाण्यात राहतो. मॅलेकाइट ग्रीनसारखं औषध योग्य मात्रेत उपाय आणि जादा मात्रेत विष. लोच, कॅटफिश अशा बिनखवल्यांच्या माशांना तर नेहमीची मात्राही जड जाते. मासा आधी औषध न मिळाल्यानं आजारी राहतो आणि मग औषध जास्त झाल्यानं जातो. दोन्हीकडून मार.

त्याहून गंभीर मामला अँटिबायोटिकचा. मेडिकलमधून माणसांची टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणायची, फोडायची आणि टँकमध्ये ओतायची, हा आपल्याकडचा फेमस जुगाड. कार्बन टेट्रासायक्लिनही धरतो. शिवाय बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला बांधून टाकतं. म्हणजे जंतूंना मिळतो अर्धामुर्धा डोस, आणि अर्ध्या डोसमध्ये वाचलेले जंतू पुढच्या वेळी त्या औषधाला जुमानत नाहीत. ही डोकेदुखी टँकपुरती राहत नाही. त्याच टँकमध्ये हात घालून आपण पाणी बदलतो. त्यामुळे अँटिबायोटिक आपल्या मनानं नकोच. प्राण्यांच्या डॉक्टरला विचारा. माफसूचं, म्हणजे आपल्या पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय नागपुरातच आहे. माहीतगार माणसं शोधायला मुंबई-पुण्याला जायची गरज नाही.

फिल्टर उघडा, पण जपून

आता मुद्द्याचं. कार्बन काढायचा म्हणजे फिल्टर बंद करायचा किंवा आतलं सगळं धुऊन लख्ख करायचं, असं नाही. इथे लोक दुसऱ्या खड्ड्यात पडतात.

फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या रिंगांवर चांगले जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करून टाकतात. ही कॉलनी वसायला कित्येक आठवडे लागतात. सगळंच काढून फेकलं, तर ठिपक्यांतून वाचलेला मासा अमोनियानं मरेल. म्हणून आधी आपला फिल्टर कुठला ते ओळखा.

टॉप फिल्टर असेल तर काम सोपं. पांढरं वूल, रिंगा आणि कार्बनची पिशवी वेगवेगळी असते. पिशवी उचला, बाकी जसंच्या तसं. आतल्या छोट्या पॉवर फिल्टरमध्ये कधी कधी खालच्या कप्प्यात कार्बन असतो, तेवढा कप्पा रिकामा करा. टँकच्या काठाला अडकवायच्या फिल्टरमध्ये वूल आणि कार्बन एकत्र शिवलेली कार्ट्रिज असते. ती फेकू नका. कडेनं ब्लेडनं चिरा, आतले दाणे झटकून काढा आणि वूल परत बसवा. काळ्या स्पंजबद्दल मात्र गोंधळ होतो. काही काळे स्पंज नुसते रंगानं काळे असतात, काहींमध्ये खरंच कार्बन असतो. पाकीट असेल तर वाचा, नाहीतर दुकानदाराला स्पष्ट विचारा.

कार्बन जुना असेल, सहा महिन्यांपूर्वीचा, तर? तरीही काढा. जुना कार्बन बराचसा भरलेला असतो हे खरं. साधारण महिनाभरात त्याचा मुख्य जोर ओसरतो. पण किती जागा उरलीय ते बाहेरून दिसत नाही, आणि डोसच्या बाबतीत अंदाजपंचे चालत नाही. फक्त एक लक्षात घ्या, की जुन्या दाण्यांवरही चांगले जिवाणू वसलेले असतात. ते बाहेर गेले की थोडे दिवस खाणं कमी टाका आणि अमोनियाच्या टेस्ट किटनं लक्ष ठेवा.

यूव्ही लाइट असेल तर तोही औषधाच्या दिवसांत बंद, कारण बरीच औषधं प्रकाशानं मोडतात. एअर पंप मात्र पूर्ण जोरात. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी. २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३५ अंशांना सातच्याही खाली. आजारी कल्ल्यांना हा फरक जाणवतो. आणि मे महिन्यात खोलीतलं पाणी किती गरम होतं, हे हिंगण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मिथिलीन ब्लू वापरायचा असेल तर शक्यतो मोठ्या टँकमध्ये टाकूच नका. तो चांगल्या जिवाणूंनाही मारतो, झाडांना झोंबतो आणि काचेच्या जोडातलं सिलिकॉन कायमचं निळं करतो. वीसेक लिटरचा साधा प्लॅस्टिकचा टब, एक एअर स्टोन, जमलं तर हीटर, झाला माशांचा दवाखाना! कार्बनचा प्रश्नच नाही, औषध कमी लागतं आणि डोस अचूक बसतो. ठिपक्यांच्या बाबतीत मात्र एकट्या माशाला वेगळं काढून भागत नाही. वाळूतली पिल्लं मूळ टँकमध्येच असतात, म्हणून तिथेही इलाज करावा लागतो.

आता या, कार्बनराव!

कोर्स संपला. बाटलीवर जितके दिवस लिहिलेत तितके पूर्ण झाले, मासा पुन्हा खायला लागला, ठिपके जाऊन काही दिवस उलटले. आता कार्बनला सन्मानानं बोलवा. आधी टँकमधलं पाव ते अर्धं पाणी बदला, क्लोरीन काढलेलं आणि तापमानाला जुळणारं पाणी घाला. मग नवा कार्बन नळाखाली धुवा, काळी धूळ निघून जाईपर्यंत, आणि पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. एक-दोन दिवसांत उरलेला रंग तो गोळा करतो. मघाचा चोर आता तुमचा सफाई कामगार. काम झालं की हा कार्बन काढून कचऱ्यात टाका, पुन्हा वापरायचा नाही.

इथे नवा कार्बनच का? कोर्सच्या आधी काढून ठेवलेला जुना चालणार नाही, कारण त्याची छिद्रं आधीच भरलेली आहेत आणि ओला ठेवला असेल तर तो कुजलेलाही असेल. ‘ओव्हनमध्ये भाजून रिचार्ज करू’ हा सल्लाही सोडून द्या. कार्बन पुन्हा ताजा करायला भट्टीतलं ८०० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, घरच्या ओव्हनची धाव २५० अंशांपर्यंत. आणि तंदुरीचा कोळसा तर बिलकूल नको. त्यात तेवढी छिद्रंच नसतात, आणि लवकर पेटावा म्हणून काही कोळशांत भलतंसलतं मिसळलेलं असतं.

कार्बनच्या आवाक्याबाहेरचं

कार्बन म्हणजे जादूची कांडी नव्हे. विषबाधा झालेल्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये ॲक्टिव्हेटेड चारकोल पाजतात. पोटातल्या बऱ्याच गोळ्या तो रक्तात जाण्याआधी पकडतो, पण लोह, लिथियम आणि दारू त्याच्या हाती लागत नाहीत. टँकमध्येही तसंच. मीठ तो धरत नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेटही नाही. तांब्याच्या औषधाच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तांबं काढायचं तर पाणी बदलणं हाच खरा उपाय, आणि शंख-कोळंबी असलेल्या टँकमध्ये तांबं टाकायचंच नाही, ती मरतात.

याचा उलटा फायदाही आहे. तुम्ही फक्त खडेमीठ टाकून इलाज करत असाल, तर कार्बन तिथेच राहिला तरी मिठाचं काही बिघडत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कार्बन टँकमध्ये कायम ठेवायलाच हवा का?
नाही. नियमित पाणी बदललं आणि स्पंज ठीक असला, तर कार्बनशिवाय टँक मजेत चालतो. लाकडाचा पिवळा रंग उतरला, वास आला किंवा औषध काढायचं असलं, की तेवढ्यापुरता वापरा.

चुकून कार्बन ठेवून तीन दिवस औषध टाकलं. आता?
घाबरू नका. कार्बन काढा, अर्धं पाणी बदला, आणि बाटलीवरच्या पहिल्या दिवसाच्या मात्रेपासून कोर्स नव्यानं सुरू करा. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून डबल डोस अजिबात नाही.

भरलेला कार्बन एकदम सगळं औषध परत सोडतो, हे खरं का?
एका झटक्यात सगळं ओकत नाही. पाणी बदललं, पाण्यातली मात्रा कमी झाली तर थोडंफार सुटू शकतं. म्हणूनच काम झालेला कार्बन फिल्टरमध्ये विसरायचा नाही.

हिरव्या औषधाला हात लावला तर चालतं का?
ग्लोव्हज घाला. मॅलेकाइट ग्रीन खाण्याच्या माशांसाठी अमेरिकेत आणि युरोपीय संघात वापरू देत नाहीत. शोभेच्या माशांपुरतंच ते, तेही जपून. स्वयंपाकघरातलं चमचा-भांडं त्यासाठी वापरू नका.

कट करून टँकला चिकटवा

१. टँकमधलं पाणी मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० नं भागा. वाळू-दगडांचे आणि वरच्या रिकाम्या जागेचे १०-१५ टक्के वजा करा.
२. कार्बन बाहेर. स्पंज, वूल आणि रिंगा आत.
३. यूव्ही बंद, एअर पंप चालू, खाणं कमी.
४. डोस बाटलीवर लिहिलाय तेवढाच आणि तितकेच दिवस.
५. कोर्स संपल्यावर पाणी बदला आणि नवा, धुतलेला कार्बन घाला.
६. दोन दिवसांनी तो कार्बन कचऱ्यात.

एवढं वाचूनही विश्वास बसत नसेल, तर या वीकेंडला एक प्रयोग करा. काचेचे दोन जुने ग्लास घ्या, जे पुन्हा पिण्यासाठी वापरायचे नाहीत. दोन्हींत पाणी आणि निळ्या औषधाचा एकेक थेंब. एकात धुतलेल्या कार्बनचे दोन चमचे टाका आणि मधूनमधून ढवळा. ॲक्वा लाइननं बर्डीवर जाऊन, पिक्चर बघून, परत लोकमान्य नगरला उतरून घरी येईपर्यंत एक ग्लास निळाच असेल आणि दुसऱ्याचा रंग उडालेला असेल. तो दुसरा ग्लास म्हणजे कार्बन न काढता औषध टाकलेला टँक.